बिनशिंगी नर संपत का नाहीत?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शेणकिड्यांवरच्या लेखात मी लिहिलं होतं, 'ज्याची शिंगं मोठी, मादी त्यालाच.' तसं असतं तर बिनशिंगी नर केव्हाच नामशेष झाले असते, हा तुमचा आक्षेप अगदी बरोबर आहे. ते वाक्य चुकलं, आज काढून टाकलं. पण त्यावरून 'लैंगिक निवड हेच थोतांड' (म्हणजे जोडीदार मिळवून देणारे गुण पिढ्यानपिढ्या पसरतात हा विचारच खोटा) हा तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही.

पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर जीवशास्त्रज्ञ डग्लस एमलेन यांनी ओंथोफॅगस ॲक्युमिनाटस हा इवलासा शेणकिडा अभ्यासला. हाउलर माकडांच्या विष्ठेखाली मादी बीळ खणते. शिंगवाला नर बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, येईल त्याच्याशी झुंजतो, आणि तिथे लांब शिंगंच जिंकतात. बिनशिंगी नर झुंजीच्या वाटेलाच जात नाही. तो शेजारून आडवा बोगदा खणतो, पहारेकऱ्याला चुकवून खालच्या खाली मादीपर्यंत पोचतो, मिलन करून निघून जातो. या कामात शिंगं उलट अडचणच. ओंथोफॅगस टॉरस या शेणकिड्याच्या दुसऱ्या जातीवरच्या प्रयोगात लांब शिंगांचे नर बोगद्यातून पळताना मागे पडलेले दिसले आहेत.

आता तुमचा कळीचा मुद्दा: शिंगं बापाकडून येतात ना? इथेच खरी गंमत आहे. आई एकेका अंड्यासाठी शेणाचा एकेक गोळा रचते. अळीला तेवढाच शिधा. पोट भरलं तर शरीर मोठं होतं, आणि ठरावीक आकाराचा उंबरठा ओलांडला की शिंगं फुटतात. कमी पडलं तर जवळजवळ नाहीतच. म्हणजे शिंगवाल्या बापाला बिनशिंगी मुलगा सहज होतो. वारशाने येतो तो उंबरठा. एमलेन यांनी काही पिढ्या निवडून पैदास केली, तेव्हा तो सरकला. निवड काम करते ती तिथे.

'आपल्याकडचं उदाहरण द्या' असंही तुम्ही म्हणालात. आंध्रातल्या कुप्पमजवळ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी झुडपांवरचे रातकिडे पाहिले. मादीला मोठा आवाज आवडतो. अंगाने लहान, आवाजाने बारीक असलेले नरच जास्त करून पानाला कुरतडून भोक पाडतात आणि त्यात पंख बसवून गातात. पानाच्या आडोशाने आवाज वाढतो, आणि मादी त्यांच्याकडेही येते.