युद्ध लागलंय वहिनी, तेवढं जरा घरचं बघा

वहिनी, टीव्हीवर युद्ध लागलं की एक करा, रडू नका. नवरा मराठा लाईट इन्फंट्रीत, सेंटर इथं बेळगावातच, मग गावाची इज्जत कुणाच्या डोळ्यात? तुमच्याच की ओ. अगदीच आवरंना तर गोठ्यात जाऊन रडा, म्हशीला चालतंय.

आता युद्धाला काय सीझन कळत नाही. १९९९ ला कारगिल मे ते जुलै चाललं, म्हणजे आमच्या खानापूर भागात भातपेरणीपासून रोप लावणीपर्यंत बरोब्बर. ४ जुलैला जवानांनी टायगर हिल घेतलं, पण त्याच्या आधी दहा वेळा तरी आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी घेतलं होतं (कुठनं चढायचं तेसुद्धा सांगत होते), आणि बायका गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, पाठ वाकलेली. पण त्याला काम म्हणायचं नाही हं, पगार येतो ते काम.

देश मागेल ते द्या. १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा बायकांनी पाटल्या, बांगड्या काढून संरक्षण निधीला दिल्या, आणि १९६३ च्या जानेवारीत सरकारनं नियम काढला की नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही. झालं, दिलं ते चोख आणि पुन्हा करायचं तर १४ चं. १९६५ ला शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडा म्हटलं. आमच्या आज्ज्यानं लगेच सोडलं. आज्जी म्हणायची, "ते भात नको म्हणाले, मग शाबू भिजवायला, दाणे भाजायला मीच उठतो की!" देशाचा भात वाचला, आज्जीची चूल दोनदा पेटली.

शेतावर कर्ज काढायचं झालं तर ऑफिसात जा. उतारा सासऱ्यांच्या नावावर, फॉर्म कन्नडमध्ये, आणि खिडकीतला साहेब वर न बघता म्हणणार, "यजमानरन्न कर्कोंड बर्री." म्हणजे नवऱ्याला घेऊन या. यजमान तिकडं कारगिलजवळ द्रासला आहेत म्हणून सांगा. मग सोमवारी आणा म्हणेल.

रात्री फोन आला तर इकडं सगळं बरं आहे म्हणा, तोही तिकडनं तेच म्हणेल, दोघांनीही जास्त विचारायचं नाही.

आणि युद्ध संपलं की गावात तुमचा सत्कार ठरेलच, वीरपत्नी म्हणून शाल-नारळ. कार्यक्रम तुमच्याच अंगणात आहे, तेवढं चहा किती जणांचा टाकायचा ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.