टॉवेलचे नियम पाठ, भरतीचा पत्ता नाही

पहिल्या वेचणीच्या कापसाचे चुकारे हाती पडले की भाऊबीज आटोपून आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावातून एक ट्रॅव्हल्स दरवर्षी कोकणात जाते. यंदा मीही गेलो आणि परतल्यापासून माझे डोके तापलेलेच आहे. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरील लॉजवाल्याने प्रत्येकाच्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, वाळूचे पाय घेऊन खोलीत येऊ नका, टॉवेल हरवला तर दोनशे रुपये भरावे लागतील, असे सगळे बजावले. मात्र भरती-ओहोटीच्या वेळा सांगायला त्याचे तोंड उघडले नाही. धोक्याची पाटी होती, पण ती नारळपाण्याच्या गाडीमागे.

आमचे लोक तरी काय कमी! "आपन त पैनगंगेच्या डोहात पोहाले शिकलो," असे म्हणत सगळे सूर्यास्ताच्या आधी पाण्यात उतरले. माझा भाचा गुडघाभर पाण्यात उभा होता. परतणाऱ्या लाटेने त्याच्या टाचांखालची वाळू ओढून नेली, तो बसता झाला आणि पुढच्या लाटेनंतर त्याचे फक्त डोके दिसत होते. जाळे आवरणाऱ्या एका मच्छीमाराने त्याला बखोटीला धरून ओढून काढले. नदी एकाच दिशेने वाहते, समुद्र मात्र माणसाला आत खेचतो आणि अशा वेळी त्या ओढीशी झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडायचे असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

त्याच मच्छीमाराने हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे पावणेचारला भरती आणि त्यानंतर ओहोटी, नेमकी आमच्या आंघोळीच्या वेळी! अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर उधाण असते. ज्या गावात मुहूर्तापासून एकादशीपर्यंत सगळे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून ठरते, तिथे कोणालाही ही तिथी पाहावीशी वाटू नये, याचा मला सर्वाधिक संताप येतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती बातमी आमच्याही पारावर वाचली गेली होती.

परतीच्या वाटेवर मी हे बोलू लागताच सहलीच्या पुढाऱ्याने गाण्यांचा आवाज वाढवला. परवा तो पुढच्या वर्षीचा ॲडव्हान्स मागायला माझ्याच दारी आला होता. भरतीचे विचारले, तर म्हणतो, "ते लॉजवाले पाहतीन."