ती घरघर कफाची नव्हती

आज दुपारी एका मैत्रिणीने तिच्या चार महिन्यांच्या बाळाचा झोपलेला व्हिडिओ पाठवला. "घरात सगळे म्हणतात कफ आहे, मोठा झाला की जाईल. तू ऐक ना जरा." ऐकायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. मान पार मागे टाकलेली.

माझी लेक अश्शीच झोपायची. आणि मी रात्रभर उठून उठून ती मान सरळ करायचे. ती रडायची, मी परत सरळ करायचे. मान मागे टाकली की श्वासाला जराशी वाट मिळत होती तिला, हे मला नऊ महिन्यांनी कळलं.

नऊ महिने! बाळदमा म्हणून वाफ, नेब्युलायझर, औषधांच्या बाटल्या. टूडी इको झाला, हृदय ठणठणीत म्हणाले. "आई, तुम्ही फार काळजी करता" हे तर किती जणांनी ऐकवलं! शेवटी एका डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप बाजूला ठेवून नुसता आवाज ऐकला आणि विचारलं, "दूध पिताना वाढतो का? मान नेहमी अशीच असते?" मग सीटी अँजिओग्राफी. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, दोन कमानी. गर्भात दोन्ही बाजूंना असतात, पुढे उजवी विरून जाते. हिच्या दोन्ही राहिल्या, आणि श्वासनलिका-अन्ननलिकेभोवती त्यांचं कडं पडलं.

हे काही काल सापडलेलं नाही. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ साली असं कडं शस्त्रक्रियेने सोडवलं होतं!

बरं, मान्य. बहुतेक बाळांची घरघर साधीच असते, आणि असं बाळ डॉक्टरांनाही क्वचितच दिसतं. पण जन्मापासूनचा आवाज, श्वास आत घेतानाही येणारा, वाफेने तसूभर न हलणारा... तिथे किती दिवस कफ कफ करायचं?

ऑपरेशन डाव्या बरगड्यांमधून झालं. दोनपैकी लहान कमान कापली, हृदय थांबवावं लागलं नाही. आवाज मात्र लगेच गेला नाही. इतके दिवस दाबली गेलेली नळी मऊ पडली होती, तिला बळ यायला कित्येक महिने लागले. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून धीर धरला.

आता पोर कुशीवर झोपते, हनुवटी छातीशी घेऊन. तरी माझा हात अजून रात्री तिच्या मानेकडे जातो.

मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळीच दाखव, आणि हा व्हिडिओ डॉक्टरांना ऐकव. आणि आज रात्री त्याची मान सरळ करू नकोस गं.