रोहूला पेंड चालते, आणि ती कालपरवापासून चालत नाही

गेल्या महिनाभरात शेततळेवाल्यांच्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांवर मला एकच मजकूर आला. मासा मुळात मांसाहारी, त्याला सोयाबीनची पेंड घालणं निसर्गाविरुद्ध. त्यानं माशाचं आतडं सुजतं, ओमेगा-३ नाहीसं होतं, म्हणून मासळीच्या कुटावर (वाळवलेल्या मासळीच्या भुकटीवर) वाढलेलाच मासा घ्या, असा त्याचा सारांश. औसा तालुक्यात माझं शेततळं आहे. हे वाचून गावातल्या दोन नेहमीच्या गिऱ्हाइकांनी मासे नेणं थांबवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मासा मांसाहारी, हे खरं. पण कोणता मासा? मरळ शिकारी आहे, थंड समुद्रातला सालमन शिकारी आहे. आपल्या तळ्यातला कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि कुजका पाला खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. गवत्या मासा तर बांधावरचं गवत टाकलं तरी संपवतो. रोहूला जठरच नसतं, अंगाच्या कितीतरी पट लांब आतडं असतं. वनस्पती पचवणाऱ्याची ही ठेवण आहे. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान मिसळून घालणं ही आपल्याकडची कित्येक दशकांची रीत. आंध्रात कोल्लेरूच्या पट्ट्यात कोंडा-पेंड भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून बांबूला टांगतात आणि मासे येऊन टोचून खातात. लातूर-नांदेडच्या बाजारात आंध्राचा म्हणून जो रोहू आपण आवडीनं घेतो, तो बहुतेक असाच वाढलेला असतो.

आतडं सुजण्याची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं की सोयापेंड खाणाऱ्या सालमनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. त्यात सोयाबीनमधल्या सॅपोनिन नावाच्या घटकाचा मोठा हात आहे, हे पुढे कळलं. मजकूर लिहिणाऱ्यानं तिथलं वाक्य उचललं आणि मासा बदलला. आपल्या सायप्रिनस (कॉमन कार्प) माशावरही असा प्रयोग झाला आहे: त्यालाही सुरुवातीला सूज आली, पण तेच खाद्य चालू असताना काही आठवड्यांत ती ओसरत गेली. हा फरक मजकुरात कुठेच नाही.

खरा धोका कच्च्या सोयाबीनचा आहे आणि तो मी स्वतः भोगला आहे. पहिल्या वर्षी भाव पडले होते, घरचं सोयाबीन पडून होतं. ते तसंच भरडून तळ्यात टाकलं. मासे खात होते, पण वजन धरत नव्हते. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन रोखणारा घटक असतो, तो प्रथिनं पचूच देत नाही. नीट उष्णता दिली की तो निकामी होतो. तेल काढून भाजली गेलेली सोयापेंड, म्हणजे डीओसी, गिरणीतून येते तेव्हा हे काम बरंचसं झालेलं असतं. तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात. मासळीच्या कुटात ६० ते ७० असतात हे खरं, पण वाढत्या रोहू-कटल्याला खाद्यात २५ ते ३० टक्केच लागतात. डीओसी आणि कोंड्याच्या मिश्रणात तेवढी सहज बसतात.

म्हणून नुसती पेंड टाका, असं मात्र मी म्हणणार नाही. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे गरजेचं अमिनो आम्ल कमी पडतं आणि त्यातला बराच फॉस्फरस फायटेट या न पचणाऱ्या रूपात अडकलेला, माशाच्या उपयोगाचा नसतो. मातीच्या गावतळ्यात ही उणीव पाण्यातले जीव भरून काढतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाला मातीच नाही, नैसर्गिक अन्न फार थोडं. तिथे खनिजं, जीवनसत्त्वं घातलेलं समतोल गोळीखाद्य हवंच. आपल्या भागात शेततळी बहुतेक प्लास्टिकचीच, त्यामुळे मासे न वाढण्याचं कारण आधी इथे शोधावं.

ओमेगा-३ बद्दल मजकूर अर्धा बरोबर आहे. स्कॉटलंडच्या सालमनमध्ये वनस्पती तेलं वाढली तसं २००६ ते २०१५ या काळात ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण ही फॅटी आम्लं मासा स्वतः फारशी घडवत नाही; मुळात ती पाण्यातली सूक्ष्म शेवाळं घडवतात आणि माशाला खाण्यातून मिळतात. तसंही रोहू खाण्याचं कारण त्याची प्रथिनं; ओमेगा-३ साठी बांगडा-तारली आधीही पुढेच होती.

आणि कुटा म्हणजे शुद्ध, ही समजूत कुठून आली? तो पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीसारख्या, आपल्याकडे तारलीसारख्या लहान मासळीचा होतो. ती मासळी माणसाच्या ताटातही जाऊ शकते. बेसुमार मासेमारी आणि एल निनो एकत्र आले आणि १९७२ मध्ये पेरूची अँकोव्ही कोसळली. शिकारी सालमनच्या खाद्यातसुद्धा नॉर्वेनं समुद्री घटकांचा वाटा १९९० मधल्या सुमारे ९० टक्क्यांवरून २०१३ पर्यंत ३० टक्क्यांच्या आसपास आणला. सालमनला कमी करता येतं, तर कोंड्या-पेंडीवर पोसलेल्या रोहूला आपण कुटा का शोधून आणावा?

सावध राहायचंच असेल तर दोन गोष्टींपासून राहा. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो, म्हणून ती गुरांना घालतो तशी तळ्यात मोकळ्या हातानं ओतू नये. दुसरी बुरशी. १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या ट्राउट केंद्रांत माशांच्या यकृताला गाठी झाल्या आणि मूळ सापडलं बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषाने दूषित सरकी पेंडीत. पावसाळ्यात पेंडीची पोती थेट फरशीवर ठेवली की आपल्याकडेही हीच बुरशी धरू शकते. मी पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो, आणि कुबट वास आला तर पोतं खड्ड्यात पुरतो. मासे न नेणाऱ्या त्या दोघांना रविवारी तळ्यावर बोलावलं आहे. पोतं त्यांच्यासमोर उघडीन, वास त्यांनीच घ्यावा.