रिकामे भांडे परत देऊ नये

शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत देऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत मला मान्य आहे. विरजणासाठी नेलेली वाटी परत येताना तिच्यात एखादा लाडू, नाहीतर निदान चिमूटभर साखर तरी असावी, यात सभ्यता आहे. मात्र ही रीत ज्यांनी घालून दिली त्यांच्या काळी डीप फ्रायर नव्हते. असते तर त्यांनी तिला एखादे पोटकलम नक्की जोडले असते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचा फ्रायर परत आणून दिला, तेव्हा तो वनस्पती तुपाने भरलेला होता. कार्तिकातल्या पुण्याच्या थंडीत ते तूप गोठून घट्ट, रवाळ आणि पिवळसर झाले होते, तापणारी कॉइल त्यात पुरती गाडली गेली होती, आणि या सगळ्यावर खसखस पेरलेली होती.

फ्रायर माझ्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला. दिवाळीच्या तोंडावर तो वर गेला आणि दिवाळी उलटल्यावर खाली आला, एवढी पार्श्वभूमी पुरे आहे. दारात जो संवाद झाला तो मात्र मी सविस्तर देणार आहे, कारण तो माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

“काकू, हे काय?”

“तूप आहे.”

“ते दिसतंय. पण फ्रायरमध्ये का आहे?”

“अरे, भांडं रिकामं परत देऊ नये. एवढंही माहीत नाही का तुला?”

“पण हे वापरलेलं आहे.”

“एकदाच. आणि तेही अनारशांना. अनारशांनी काय खराब होतं तूप? भजी तळ, शंकरपाळे कर. आम्ही कसं रे, वस्तू वाया घालवत नाही.”

वस्तू वाया न घालवण्याचे हे काम त्यांनी स्वतःच्या घरी का केले नाही, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. परंतु ‘अनारसे’ हा शब्द ऐकून मन थोडे विचलित झाले, हे मान्य करायला हवे. खसखस लावलेला, जाळीदार, गुळाच्या रंगाचा अनारसा ही माझी जुनी दुबळी बाजू आहे, आणि ज्या यंत्रात तो तळला गेला त्या यंत्राच्या मालकाला त्यातला एखादा मिळावा, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

“अनारसे कसे झाले?” मी शक्य तितक्या सहज विचारले.

“हसले.” म्हणजे तळताना फुटून तुपात विखुरले.

“सगळे?”

“पहिले पाच-सहा. तुझ्या त्या यंत्राला आच कळत नाही. माझ्या कढईत कधी हसत नाहीत. बटणावर ‘मंद’ नाही, ‘मध्यम’ नाही, नुसते आकडे. मी म्हटलं, एवढे आकडे दिलेत तर शेवटचा तरी चांगला असेल. एकशे नव्वदवर ठेवलं.”

“काकू, अनारसा मंद आचेवर तळतात.”

“ते तू मला सांगतोस?”

“मग बाकीचे कसे झाले?”

“बाकीचे झकास झाले. संपले. जावईबापूंना फार आवडतात.”

म्हणजे तूप माझ्याकडे, खसखस माझ्याकडे, हसलेल्या पाच-सहा अनारशांचा तळाशी बसलेला काळा चुरा माझ्याकडे, आणि अनारसे जावईबापूंकडे. या वाटणीबद्दल मी आजपर्यंत घरात पुष्कळ बोललो आहे. “एका अनारशासाठी किती बोलायचं ते,” असे आमच्या घरात त्यावर मत पडले. प्रश्न एका अनारशाचा नाही. प्रश्न त्या एकाही न मिळालेल्या अनारशाचा आहे.

गोठलेल्या तुपाने भरलेला फ्रायर रिकामा करणे हे दिसते तितके सोपे नसते. तेल असते तर ओतून काढता आले असते. तूप वितळवायचे तर फ्रायर चालू करावा लागतो, आणि कॉइल घट्ट तुपात गाडलेली असताना तो एकदम चालू केला, तर तिला लागून असलेले तूप तेवढे वितळून करपू लागते आणि वरचा थर मात्र तसाच घट्ट राहतो. खाली कोंडलेले तूप मग वाट काढून उसळते. म्हणून काट्याने तुपाला तळापर्यंत भोके पाडायची, बटण सर्वांत खालच्या आकड्यावर ठेवायचे आणि धीर धरायचा. ही माहिती फ्रायरबरोबर आलेल्या पुस्तिकेत एका चौकटीत दिलेली आहे. पुस्तिका अनेक भाषांत आहे आणि तिची बहुतेक पाने ‘करू नये’ या प्रकारच्या सूचनांनी भरलेली आहेत: लहान मुलांजवळ ठेवू नये, पडद्याखाली ठेवू नये, पाण्यात बुडवू नये. स्वच्छता कशी करावी याबद्दल मात्र ‘जाळी व भांडे डिशवॉशरमध्ये धुता येते’ एवढेच आश्वासन आहे. आमच्याकडे डिशवॉशर नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आहेत, आणि त्यांनी फ्रायरकडे एकदा पाहून सांगितले, “भांडी ठरली होती दादा, मशीन नव्हतं ठरलं.” या मुद्द्यावर मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत आहे.

मी काट्याने भोके पाडत असताना काकू गेल्या असतील असा माझा समज होता. त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि आमच्या घरातून त्यांना चहा मिळालेला होता.

“अरे, उन्हात ठेव ते.”

“ऊन नाही काकू, सकाळ आहे.”

“मग दुपारपर्यंत थांब. तुम्हाला थांबायलाच नको असतं.”

तूप वितळले, थोडे निवले, आणि मी ते पंच्याच्या फडक्यातून स्टीलच्या डब्यात गाळून घेतले. तेव्हा खाली खरे काम दिसले. अनारशांच्या आधी काकूंनी याच फ्रायरमध्ये करडईच्या तेलात चकल्या तळल्या होत्या, आणि दोन तळणांच्या मध्ये तो धुतला नव्हता. तुपाच्या रेषेच्या वर, भांड्याच्या भिंतींवर आणि जाळीच्या तारेतारेवर मधासारख्या रंगाचा एक चिकट थर बसला होता. चकल्यांचे मोडलेले काटे त्यात रुतलेले होते. बोट लावले की बोट उचलताना त्वचा जागेवर राहते की काय असे वाटावे, इतका तो थर चिवट होता.

हा थर साबणाने निघत नाही, आणि काकू काहीही म्हणोत, त्याचा संबंध माझ्या मनगटातल्या जोराशी नाही. पूर्वापार घराघरांत वापरले जाणारे करडईचे तेल लिनोलिक आम्लाने भरलेले असते, आणि असे तेल पातळ थरात उष्णता व हवा लागली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन एक राळ तयार होते. जवसाच्या तेलाचा रंग भिंतीवर वाळतो तो याच कारणाने, आणि करडईचे तेलही रंगांत व वार्निशांत वापरले जाते ते याचसाठी. थोडक्यात, साबण तेलाला हलवू शकतो, पण हे तेल राहिलेलेच नव्हते. काकूंनी माझ्या फ्रायरला आतून वार्निश केले होते. शेंगदाण्याच्या तेलात हा गुण बराच कमी असतो, हे मी त्यांना सांगितले.

“शेंगदाण्याचं तेल तुमचं तुम्ही खा,” त्या म्हणाल्या. “करडईचं हृदयाला चांगलं असतं.”

या राळेवर खरा उपाय म्हणजे अल्कली, उष्णता आणि वेळ. भांड्यात वरच्या रेषेच्या खालपर्यंत पाणी भरायचे, त्यात थोडा सोडा टाकायचा, पाण्याला हलकी उकळी येऊ द्यायची आणि मग बटण बंद करून ते तसेच सोडून द्यायचे. उपाहारगृहांतले मोठे फ्रायर याच पद्धतीने ‘उकळून’ काढतात, फक्त तिथे सोड्यापेक्षा जहाल द्रव्ये असतात आणि हातात मोजे असतात. खायचा सोडा गरम पाण्यात पडला की त्यातला कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर पडतो आणि उरतो तो जवळजवळ धुण्याचा सोडाच. म्हणून तो थोडा थोडा, आणि पाणी फार तापण्याआधी टाकायचा असतो. मी तसाच टाकला होता. पाण्याला उकळी येत होती. मी जाळी घासायला जुना टूथब्रश आणण्यासाठी बाथरूमपर्यंत गेलो.

“एवढ्याशाने काय होणार आहे?” असे काकूंचे शब्द मला तिथे ऐकू आले, आणि त्यानंतर ‘अगंबाई’ हा शब्द ऐकू आला.

त्यांनी मूठभर सोडा एकदम टाकला होता. परत आलो तेव्हा फ्रायरमधून तपकिरी फेसाची एक भिंत शांतपणे वर येत होती; ती काठावर क्षणभर थांबली, मग ओट्यावर उतरली, ओट्यावरून शेगडीखाली गेली आणि पोळ्यांच्या डब्याला वळसा घालून मिक्सरपर्यंत पोहोचली. त्या फेसात खसखस होती. काकूंनी आपला चहाचा कप मात्र वेळेवर उचलला होता.

“बघ, निघाला की नाही मळ?” त्या म्हणाल्या.

निघाला होता, हे नाइलाजाने नमूद करतो.

या नंतरचा भाग तक्रारीचा आहे. गाळलेल्या तुपाचा डबा ओट्यावर उभा होता, आणि त्याचे काय करायचे हे मला कोणीही सांगू शकले नाही. मोरीत ओतणे शक्य नव्हते, कारण तूप नळीत जाऊन पुन्हा गोठते आणि पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा साबणासारखा कडक गोळा होतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात असा गोळा सापडला, तो २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. पुढे त्याचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयात मांडून ठेवला गेला. आमच्या सोसायटीत संग्रहालय नाही, सचिव आहेत, आणि मोरी तुंबली की ते सूचनाफलकावर फ्लॅटचा क्रमांक लिहितात. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी डब्यात डोकावून सांगितले की हे ओल्यात बसत नाही आणि सुक्यातही बसत नाही. वापरलेल्या तेलाचे सरकारी धोरण काय आहे ते मी वाचून काढले. तळणाच्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तापून तापून तेल बिघडल्यावर तयार होणारी द्रव्ये, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यासाठी वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्यासाठी ‘रुको’ हा उपक्रम सुरू केला, आणि पुढे दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. हे सर्व उत्तम आहे. परंतु तेल गोळा करणाऱ्या ज्या लोकांना मी फोन केला, त्यांनी आधी माझे हॉटेल कुठे आहे ते विचारले, आणि हॉटेल नाही, डबा आहे, असे म्हटल्यावर फोन ठेवला. दिवाळीत एका इमारतीत जेवढे तळण होते तेवढे एखाद्या खाणावळीतही होत नसेल. पण ते घराघरांत वाटलेले असल्यामुळे त्याला कोणी वाली नाही. सगळे ते कुठे जाते हे सगळ्यांना माहीत आहे. ते मोरीत जाते, आणि मग सचिव फ्लॅटचा क्रमांक शोधत फिरतात.

शेवटी मी डबा घेऊन वर गेलो. निरुपाय होता.

“काकू, हे तूप. स्वच्छ गाळलेलं आहे. तुम्ही म्हणाला होतात, वाया घालवू नये.”

“छे छे,” काकू दाराला टेकून म्हणाल्या, “दिलेली वस्तू परत घेत नाहीत रे.”

एका घरात इतके नियम आणि तेही सगळे एकाच दिशेला कसे वाहतात, याचे मला आश्चर्य वाटते. डबा सध्या आमच्या गॅलरीत आहे.

भांडे, जाळी आणि झाकण मी कोरड्या फडक्याने पुसून रात्रभर उपडी ठेवली, कारण तळाशी पाण्याचा थेंब राहिला आणि वर तापलेले तेल आले, तर त्या थेंबाची वाफ होताना तो सुमारे १७०० पट फुगतो आणि तेल अंगावर उडवतो. कॉइलच्या वरच्या, विजेच्या भागाला पाण्याचा स्पर्श होऊ न देता कॉइल नुसत्या ओल्या फडक्याने पुसली. सकाळी सगळे जोडले, बटण फिरवले, आणि फ्रायर चालू झाला नाही. दिवाही लागला नाही.

गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचे दुकान आहे, तिथला मुलगा आला. त्याने वरचा भाग काढला, पुन्हा बसवला, कान लावून ऐकले आणि मला समजावून सांगितले की कॉइलचा हा भाग खाचेत पूर्ण बसला तरच आतले एक छोटे बटण दाबले जाते आणि वीज पुढे जाते. सुरक्षेसाठी तसे केलेले असते. आमच्या यंत्रात तो केसभर वर राहत होता. त्याने खिशातून टाचणी काढली, खाचेच्या कोपऱ्यातून राळेत रुतून बसलेले काही खरवडून काढले, ते बोटाच्या टोकावर घेतले आणि मला दाखवले. पांढरट रंगाचे चार-पाच दाणे होते. मग ‘टक्’ असा आवाज झाला, दिवा लागला, आणि त्याने दीडशे रुपये मागितले.

जिन्यात काकू भेटल्या.

“झालं का रे यंत्र चालू? आमच्याकडे होतं तोवर छान चालत होतं. तुम्ही लोक जपून वापरत नाही.”

मी त्यांना सगळे सविस्तर सांगितले: खाच, आतले बटण, टाचणी, दीडशे रुपये आणि ते चार-पाच दाणे. त्यांनी शेवटपर्यंत लक्षपूर्वक ऐकून घेतले.

“खसखस होती होय?” त्या म्हणाल्या. “टाकलीस की काय? केवढी महाग झाली आहे हल्ली!”