टाकी टू टाकी

परवा ठाण्यात कापूरबावडीच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर माझी धडधाकट, विमा भरलेली, पीयूसी काढलेली गाडी चार अनोळखी माणसांनी ढकलत नेली. मी आत स्टिअरिंग धरून बसलो होतो. गाडी बंद पडलेली नव्हती, बॅटरी उतरलेली नव्हती, आणि टाकी तर कधी नव्हे इतकी गच्च भरलेली होती. हा सगळा तमाशा पेट्रोल वाचवण्यासाठी चालला होता.

याचं श्रेय आमच्या सोसायटीच्या बी विंगमधल्या काकांना. त्यांना सगळे ॲव्हरेजकाका म्हणतात. अर्थात तोंडावर नाही. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला उभी हयात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं त्यांना वाटतच नाही. दुधाची पिशवी वजनकाट्यावर ठेवूनच फ्रीजमध्ये जाते. सोसायटीची लिफ्ट सातव्या मजल्यावर किती सेकंदांत पोहोचते याची त्यांच्याकडे नोंद आहे, आणि पावसाळ्यात ती मंदावते असा त्यांचा सिद्धांत आहे. स्वतःची प्रीमियर पद्मिनी विकून त्यांना जमाना झाला. तेव्हापासून ते लोकांच्या गाड्यांचं ॲव्हरेज काढतात. शनिवारी मला आईकडे नौपाड्याला जायचं असतं, त्यांना बहिणीकडे. "तू जातोच आहेस ना?" हा प्रश्न नसतो. प्रश्नचिन्ह मी आपलं सभ्यतेखातर घातलंय.

गाडीत बसल्या बसल्या त्यांनी एसी बंद केला, काचा उतरवल्या आणि विचारलं, "किती देते?"

"शहरात अकरा-बारा."

"आणि कंपनी किती म्हणते?"

"वीस."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. घरात कुणीतरी नापास झाल्यावर मोठी माणसं गप्प बसतात, त्यातला प्रकार. मी सांगायचा प्रयत्न केला की काका, तो वीसचा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. रोलरवर खड्डे नसतात, मेट्रोचे पत्रे नसतात, मानपाड्याचा सिग्नल नसतो आणि उलट्या दिशेने येणारा रिक्षावाला तर नसतोच नसतो. पण काकांनी तोवर डायरी काढली होती.

काकांच्या इंधनशास्त्राची घडण कार्ब्युरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या काळातली. त्यांचा पहिला नियम म्हणजे उतार आला की न्यूट्रल. पद्मिनीला ते लागू असेलही. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकलेला ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर उतारावर इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल केली तर मात्र इंजिन धडधडत ठेवायला ते जळतच राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच. हे मी गायमुखच्या घाटाचा दाखला देऊन समजावलं. काका म्हणाले, "पुस्तकात असेल."

दुसरा नियम, पेट्रोल पहाटे भरायचं, कारण गार पेट्रोल दाट असतं. यात तथ्य नाही असं नाही. दहा अंशांच्या फरकाला एखादा टक्का होतो. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे पहाट काय आणि दुपार काय, पेट्रोलला काही कळत नाही. तिसरा नियम, कधीही शंभर-दोनशे असा गोल आकडा सांगायचा नाही. एकशे दहा, दोनशे दहा. गोल आकड्याला मशीनमध्ये गडबड असते म्हणे. आता हा नियम अख्ख्या ठाण्याला पाठ असल्यामुळे गडबड करणाऱ्याला तो ठाऊक नसेल, हे काही मला पटत नाही. (पंपावर पाच लिटरचं माप असतं, शंका आली तर त्यात ओतून दाखवायला सांगता येतं. पण मागे पंधरा गाड्या उभ्या असताना ते मागायला वाघाचं काळीज लागतं.) चौथा नियम सांगताना त्यांनी मागे वळून डिकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्टेपनी काढून घरी ठेव. चौदा-पंधरा किलो उगाच फिरवतोयस." बोलताना त्यांच्या मांडीवर बहिणीसाठी घेतलेली दहा किलो आंबेमोहोराची पिशवी होती.

पण त्यांचा खरा जीव टाकी टू टाकीवर. टाकी काठोकाठ भरायची, मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, परत काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. पद्धत उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. घोळ होतो तो काठोकाठ म्हणजे कुठवर यावरून. माझ्या मते नोझल खट्‌कन बंद झालं की टाकी भरली. काकांच्या मते खटका हा पंपवाल्यांच्या सोयीचा आहे. "टाकीत हवा अडकलेली असते. ती बाहेर काढल्याशिवाय आकडा खरा येणार नाही."

"काका, वर जागा मुद्दाम ठेवलेली असते. जास्त भरलं तर पेट्रोल वाफ धरायच्या कॅनिस्टरमध्ये जातं, तो बिघडतो."

"हँडब्रेक सोड. गिअर काढ. गाडीला मोकळं वाटलं पाहिजे."

आणि काका उतरले. टाकीचं झाकण एका हातात, दुसरा हात डिकीवर. बरणीत पीठ बसावं म्हणून ती आपटतात तशी त्यांनी माझी गाडी मागून हलवायला सुरुवात केली. डावीकडून दोन हिसके, उजवीकडून दोन. नोझलवाला पोरगा आधी बाजूला झाला, मग पुढे वाकून मला म्हणाला, "साहेब, काकांना काय होतंय का?"

"हवा काढतायत."

"टायरची?"

मी डोळे मिटले. मागून हॉर्न सुरू झाले. शेजारच्या सीएनजीच्या रांगेत रिक्षावाले आपापल्या रिक्षाबाहेर उभे होते. ती रांग कधी हलते ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे माणसं समाजकार्याला मोकळी असतात. एकाने पाहिलं की पांढऱ्या केसांचा एक म्हातारा एकटाच गाडीला धक्का मारतोय आणि आतला धडधाकट माणूस आरामात बसलाय. त्याने माझ्याकडे टाकलेली नजर मी अजून विसरलेलो नाही. "काय माणूस आहे," असं स्पष्ट ऐकू आलं. मग तो, त्याचे दोन साथीदार आणि पाठीवर जेवणाची लाल पेटी लावलेला एक डिलिव्हरीवाला असे चौघे धावले. "काका, तुम्ही व्हा बाजूला. या वयात कशाला?" काकांना हाताला धरून अदबीने कडेला उभं केलं, आणि चौघांनी खांदा दिला.

पंपाला बाहेरच्या बाजूला उतार आहे. हँडब्रेक सोडलेला, गिअर काढलेला. "अहो, चालू आहे! गाडी चालू आहे!" मी खिडकीतून ओरडलो. "हां, होईल होईल, सेकंडमध्ये टाका," मागून उत्साहाने उत्तर आलं. आणि गाडी निघाली.

पैसे द्यायचे राहिले होते.

"ओ साहेब! पैसे! पैसे राहिले!" नोझलवाला पोरगा मागे धावत सुटला. त्याच्या मागे टाकीचं झाकण उंच धरून काका. म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला चित्र असं दिसत होतं की चार साथीदार गाडी ढकलून पळवतायत, मी तोंड लपवून चालवतोय (ते खरंच होतं) आणि पंपवाले पाठलाग करतायत. मी ब्रेक दाबला. मागे चौघांची कपाळं आपटली असावीत, तसा आवाज आला. एका बाईकवाल्याने मोबाईल बाहेर काढला होता. तो व्हिडिओ कुठे फिरत असेल तर कृपया मला पाठवू नका.

मी खाली उतरलो, पैसे दिले, माफी मागितली, चावी फिरवून गाडी पहिल्या झटक्यात चालू करून दाखवली. हे शेवटचं करायला नको होतं, असं ते चार चेहरे बघून वाटलं. "मग ढकलायला कशाला लावली?" रिक्षावाल्याने विचारलं. उत्तर काकांनी दिलं. डायरीत लिहीत, मान वर न करता ते म्हणाले, "अठ्ठावीस पॉइंट चार लिटर. खटक्यानंतर पाऊण लिटर जास्त बसलं. बघ, मी म्हणत नव्हतो?"

घरी बायकोला सांगितलं. ती इतकी हसली की शेवटी मीच विषय बदलला. तरी जेवताना मधेच तिने विचारलं, "सेकंडमध्ये टाकली होतीस का रे?"

पण हसणं बाजूला ठेवा. मला राग काकांचा नाही, किंवा फक्त काकांचा नाही. गेली कित्येक वर्षं इंधन वाचवायचं म्हटलं की सगळं माझ्या उजव्या पायावर येतं. हळू दाबा, अलगद सोडा, क्लचवर पाय ठेवू नका. 1978 साली इंधनबचतीसाठी पीसीआरए नावाची सरकारी संस्था निघाली, तिचा जुना सल्ला आहे की ताशी 45 ते 55 किलोमीटर वेगाने चालवा, सर्वांत कमी पेट्रोल लागतं. सल्ला सोळा आणे बरोबर. घोडबंदर रोडवर तो पाळायचा असेल तर रात्री अडीचला निघावं लागेल. 2018 पासून मेट्रो-4 च्या कामाने रस्ता अर्धा खाल्ला, उरलेला अर्धा बंदराकडे आणि गुजरातकडे जाणाऱ्या कंटेनरांनी. घाटात दुरुस्ती निघाली की सगळंच ठप्प. नुसती उभी राहिलेली छोटी गाडी तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर इंजिन बंद करा म्हणतात, आणि ते फायद्याचं आहेच. पण पुढचा कंटेनर किती वेळ थांबणार हे त्याच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं. आणि मी इंजिन बंद केलं की माझ्यापुढच्या चार फुटांत रिक्षा घुसते, हा निसर्गनियम. 1853 साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा तिने 34 किलोमीटर जायला जितका वेळ घेतला, तितक्यात मी कधी कधी कासारवडवलीहून तीन हात नाक्यापर्यंत पोहोचतो. तिला निदान एकवीस तोफांची सलामी मिळाली होती.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. लिटरमागे त्यात ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच लिहिलं होतं की दहा टक्क्यांच्या मिश्रणासाठी बसवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्के घटेल. उसाला भाव मिळत असेल तर मिळो, माझं काही म्हणणं नाही. पण घटलेल्या ॲव्हरेजचा पंपावरच्या भावात कुठे मागमूस लागत नाही. मुंबईत 2021 च्या मे महिन्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा लोकांनी केक कापल्याचे विनोद केले होते. आता त्याचा कुणी विनोदही करत नाही.

मग हातात काय उरतं, तर कंटाळवाण्या गोष्टी. हवा गार टायरमध्ये बघायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या आकड्याप्रमाणे. चारही चाकांत पाच-सहा पीएसआय कमी असेल तर टक्काभर पेट्रोल गेलंच. हवेवाला पोरगा मात्र ट्रक सोडून सगळ्यांना पस्तीस भरतो आणि मग हात पुढे करून उभा राहतो. पंपावर हवा फुकट द्यायची असा नियम आहे, हे त्याला सांगून पाहिलं. त्याने मला नायट्रोजनचे दर सांगितले. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. राहिलेल्या बावीस टक्क्यांसाठी पैसे मोजावेत इतका मी अजून श्रीमंत नाही. बाकी टपावरचं कॅरियर लागत नसेल तेव्हा काढून ठेवावं, एअर फिल्टर वेळेवर बदलावा, रांगत्या रहदारीत एसी बंद केला तर थोडं वाचतं हेही खरं, पण मे महिन्यात पातलीपाड्याला काचा उघड्या ठेवून ट्रकांचा धूर कुणी खायचा? जे डिकीत सहा महिने पडून आहे ते खाली उतरवावं. पंचेचाळीस-पन्नास किलोला साधारण एक टक्का, असा हिशेब सांगतात.

हा शेवटचा हिशेब मी काकांपुढे मुद्दाम काढला. परतताना, माजिवड्याच्या पुलाखाली अडकलो असताना. मनाचा हिय्या करून म्हणालो, "काका, दर शनिवारी आपण दोघं जातो. पेट्रोल अर्धं अर्धं केलं तर खर्च निम्मा होईल. सगळ्यात सोपी बचत."

काकांनी डायरी उघडली. "अर्धं का? गाडी तू तशीही नेणारच. माझ्यामुळे फक्त वजन वाढतं. मी बासष्ट किलो. म्हणजे सव्वा टक्का धर. कासारवडवली ते नौपाडा एक लिटरच्या आसपास. जाताना सव्वा रुपया, येताना सव्वा रुपया. तांदळाची पिशवी जातानाच होती, तिचे वीस पैसे." पेनाचं टोक कागदावर थांबलं. "आणि पंपावर गाडी पन्नास फूट ढकलत नेली, तेवढं पेट्रोल वाचलं. ते वजा."

माझा मोबाईल वाजला. काकांनी दोन रुपये साठ पैसे पाठवले होते. खाली लिहिलं होतं, 'इंधन, पूर्ण व अंतिम.'