दोन सेकंदांची खरखर

"कानातला मळ काढताय का?"

मागून हा प्रश्न आला तेव्हा मी कमरेपर्यंत बॉनेटमध्ये होतो. फूटभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर, डोळे मिटलेले. दचकून डोकं वर केलं ते बॉनेटच्या कडीवर. शेजारचे काका हात पाठीमागे बांधून उभे होते. गेल्या आठवड्यातली गोष्ट, पण टेंगूळ अजून आहे आणि रागही.

"काका, टायमिंग चेनचा आवाज येतोय."

"कुठाय?"

"आत्ता होता. गेला."

"गेला," काका म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढची सगळी सकाळ मी खुलासे करण्यात घालवली.

या आवाजाची खोडच ती. रात्रभर उभी असलेली जुनी गाडी सकाळी सेल्फ मारला की पुढच्या बाजूने खर्रर्र करते, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी. दोन-तीन सेकंद, की चिडीचूप. टायमिंग चेन म्हणजे पिस्टन फिरवतात तो क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना एका तालात ठेवणारी साखळी. ती ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल झिरपून खाली उतरतं, टेन्शनर ढिला पडतो आणि सैल चेन प्लॅस्टिकच्या गाइडवर फटके मारते. पंपाने दाब दिला की टेन्शनर पुन्हा ताठ. साक्षीदार येईपर्यंत आरोपी सभ्य झालेला असतो.

"परत लावा बघू," काका म्हणाले. लावली. आवाज नाही. "परत." नाही. टेन्शनरमध्ये आता ऑइल भरलंय, निदान रात्रभर गाडी उभी राहिल्याशिवाय ऐकू येणार नाही, हे मी सांगत होतो तेव्हा काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झोप होते ना नीट?"

मग निदानं सुरू झाली. पहिलं अर्थात "टॅपेट." टॅपेट वाजतं ते वरून, व्हॉल्व्ह कव्हरखालून, आणि टिकटिक करतं; खरखरत नाही. दुसरं, "सायलेन्सर लीक." इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डची गॅस्केट गळत असेल तर थंड इंजिनवर टिकटिक होते हे खरं, पण ती दोन सेकंदांत जात नाही, लोखंड तापून फुगेपर्यंत काही मिनिटं चालते. तिसरं, "फॅन बेल्ट. साबण लावा." बेल्ट किंचाळतो, खडखडत नाही, आणि साबण लावलेला बेल्ट स्वच्छ होऊन किंचाळतो. बाहेरच्या पुल्यांवर संशय असेलच तर थंड इंजिनवर बेल्ट काढायचा आणि गाडी फार तर अर्धा मिनिट चालवायची, कारण बऱ्याच गाड्यांचा वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो. आवाज गेला तर आल्टरनेटरचं किंवा आयडलरचं बेअरिंग. राहिला तर रोग आतला.

"द्या इकडे," म्हणून काकांनी स्क्रूड्रायव्हर घेतला. मूठ इंजिनवर टेकवली आणि टोक कानाकडे नेलं. मी ओरडलो. काकांनी शांतपणे तो उलटा केला, जणू दोन्ही बाजूंनी तपासण्याचीच पद्धत आहे. गळ्यातल्या टॉवेलचं टोक फिरत्या बेल्टपासून चार बोटांवर लोंबत होतं. ते मी धरून ठेवलं. चालू इंजिनपुढे सैल कपडा नको, हे काकांना सांगण्यापेक्षा टॉवेल धरणं सोपं. काकांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"येतोय," ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. "घरघर येतेय. थांबा... नाही, हा माझाच श्वास."

जाताना फुकट सल्ला: "जाड ऑइल टाका, आवाज दबेल." हा सल्ला देणारा प्रत्येक पार्किंगमध्ये एक असतोच. थंड जाड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचायलाच उशीर करतं. दोन सेकंदांची खरखर चार सेकंदांची होते. मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं ऑइल घालायचं, डिपस्टिकवर पातळी बघायची आणि फिल्टर बरा घ्यायचा. फिल्टरमध्ये ऑइल परत उतरू न देणारी रबरी झडप असते, आणि हलक्या फिल्टरची झडप रात्री कामावर नसते. काही गाड्यांचा आवाज एवढ्यानेच जातो. माझा गेला नाही.

कारण आधीचे मालक. "ऑइल वेळच्या वेळी बदललंय," असं त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ऑइल भरायचं झाकण मी गाडी घेतल्यावर उघडलं, हा माझा गाढवपणा; आतून डांबर. अशा ऑइलमधली काजळी चेनच्या पिना घासते. चेन 'लांबते' म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही, सांधे झिजतात. दीडशे सांधे धरा आणि प्रत्येकी 0.02 मिलिमीटर झीज. झाले 3 मिलिमीटर. तेवढ्यात कॅम क्रँकच्या मागे पडतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनरवर पी0016 हा कोड, म्हणजे कॅम-क्रँकचा मेळ चुकल्याची तक्रार, आणि सकाळची खरखर एकत्र दिसली की मुहूर्त बघू नये. गरम इंजिनवरही आवाज येऊ लागला तर गाडी चालवूच नये. चेन दात सोडून सरकली आणि पिस्टन-व्हॉल्व्हची वाट एकच असलेलं इंजिन असलं, की व्हॉल्व्ह वाकतात.

गॅरेजमध्ये गाडी गरम पोचली. "आवाज नाही साहेब." काकांचाच सूर! शेवटी रात्रभर तिथेच ठेवली आणि सकाळी सात वाजता मिस्त्रींच्या कानासमोर सेल्फ मारला. खर्रर्र. मला इतका आनंद झाला की मिस्त्री घाबरले.

मग त्यांनी सुचवलं, "नुसती चेन टाकू." अजिबात नाही. सगळी मजुरी पुढचं कव्हर उघडण्याची असते. एकदा उघडलं की चेन, टेन्शनर, सगळे गाइड, झिजलेले स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील एकदम. गाइडचा तुकडा पडलेला असेल तर चेंबरही, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडंही, उतरवायचा, नाहीतर तो तुकडा ऑइलच्या जाळीत जाऊन बसतो आणि नवी चेनही उपाशी मरते. हे मी सांगायचं, आणि पैसेही मीच द्यायचे.

जोडणी मात्र मिस्त्रींनी नीट केली, ते कबूल. एक नंबरचा पिस्टन वर, कॅम लॉक, चेनच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटच्या खुणांवर, मग टेन्शनरची पिन ओढली. सेल्फ न मारता पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे. तेव्हा रंगीत कड्या खुणांवरून सरकतात आणि पोऱ्या घाबरतो. कड्या सरकणारच, स्प्रॉकेटच्या खुणा जुळल्या की झालं.

जुने पार्ट मी मागून घेतले, नेहमीच घ्यावेत. काल ते खोक्यातून काढून पार्किंगमध्ये मांडत होतो, तर काका आलेच. गाइडवर चेनने कोरलेले दोन खोल चर त्यांना दाखवले. काकांनी त्यावरून बोट फिरवलं, "अशीच डिझाइन असेल," म्हणाले, आणि जुनी चेन उचलली.

"चांगली तर आहे. मी नेतो, मागच्या फाटकाला होईल."

मग कानाजवळ नेऊन हलवली. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पण खुळखुळतेय हो जरा."